जेम्स शील्ड्स : तीन राज्यांचा सिनेटर आणि २१ ऑक्टोबर १८४० ही तारीख

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. तुम्ही विधी शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहात. कॉलेजच्या वार्षिकासाठी जेम्स शील्ड्स या आयरिश वकिलावर लेख लिहिताय आणि तीन ठिकाणी अडला आहात. मार्च १८४९मध्ये अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाने, म्हणजे सिनेटने, त्याची निवड रद्दबातल ठरवली, तर त्याच वर्षअखेरीस तो त्याच जागेवर कसा बसला? एकच माणूस इलिनॉय, मिनेसोटा आणि मिझुरी अशा तीन राज्यांतून सिनेटवर कसा गेला? आणि कायद्याची पदवी नसताना तो वकील, पुढे न्यायाधीश कसा झाला?

मी सोळा वर्षं शिकागोच्या एका उपनगरात इमिग्रेशनची वकिली करते. त्यातलं निम्म्याहून जास्त काम नागरिकत्वाच्या अर्जांचं. म्हणून तुमचे प्रश्न वाचल्यावर माझं लक्ष लढायांकडे किंवा निवडणुकांकडे गेलं नाही, एका कागदाकडे गेलं. शील्ड्सचं नागरिकत्व २१ ऑक्टोबर १८४० रोजी इलिनॉयच्या एफिंगहॅम काउंटीच्या न्यायालयात झालं. लेख लिहिताना ही तारीख समोर चिकटवून ठेवा. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर तिच्यात आहे. तुमची खरी अडचण अशी की माणूस एखाद्या देशाचा 'होतो' तो कधी, हे चरित्रं लिहिणारे एका तऱ्हेने मोजतात आणि कायदा दुसऱ्या तऱ्हेने.

ही गल्लत मी रोज पाहते. फोनवर लोक सांगतात, "मॅडम, मी २०१५पासून सिटिझन आहे." कागद मागवले की कळतं, २०१५ हे ग्रीन कार्डावरचं साल आहे. त्यानंतर साधारण पाच वर्षं वास्तव्य, मग एन-४०० हा अर्ज, मग मुलाखत, मग शपथ. नागरिकत्व शपथेच्या क्षणी मिळतं, मुलाखत पास झाल्याच्या दिवशीसुद्धा नाही. मागच्या वर्षी माझ्याबरोबर शपथविधीला आलेले एक काका दारातल्या टेबलाशी अडले. तिथे ग्रीन कार्ड परत द्यायचं असतं. बावीस वर्षं पाकिटात जपलेलं ते कार्ड त्यांनी एकदा अंगठ्याने पुसलं, ट्रेमध्ये ठेवलं आणि मला हळूच विचारलं, "आत्ता या घडीला मी कोण?" मी म्हटलं, "काका, शपथ होईपर्यंत भारतीयच." तासाभराने हातात प्रमाणपत्र आलं तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी त्यावरची तारीख वाचली.

आता शील्ड्स. आयर्लंडच्या उत्तरेकडच्या टायरोन परगण्यातला हा मुलगा १८२६च्या सुमाराला अमेरिकेत आला आणि इलिनॉयमधल्या कॅस्कॅस्किया या गावी पोचला. फ्रेंचांनी वसवलेलं, मिसिसिपीकाठचं हे गाव राज्याची पहिली राजधानी. (१८८१मध्ये नदीने पात्र बदललं, जुनं गाव बहुतेक वाहून गेलं, आणि उरलेला भाग आज नदीच्या पलीकडच्या तीरावर आहे. तुमच्या लेखात नकाशा देणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा.) तिथे त्याने शिकवण्या केल्या, कायद्याचा अभ्यास केला आणि १८३२मध्ये त्याला सनद मिळाली.

पदवीबद्दलचा तुमचा तिसरा प्रश्न इथेच संपवू. त्या काळी तिकडे वकील व्हायचं म्हणजे एखाद्या वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करायची, नाहीतर पुस्तकं मिळवून स्वतः वाचायचं आणि मग न्यायाधीशांपुढे आपली तयारी दाखवायची. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या अब्राहम लिंकननेही कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं, त्याची सनद १८३६ची. आपल्याकडे पदवीशिवाय परीक्षा देऊन जिल्हा प्लीडर होणारे लोक होते, त्यांच्याशी ताडून पाहिलंत तर फार चुकणार नाही. अशा व्यवस्थेत हुशार परदेशी माणसाला वकिली हा वर चढायचा सगळ्यात जवळचा जिना होता. जमीन घ्यायला पैसा लागतो, वकिलीला इंग्रजी आणि पाठांतर लागत असे, आणि शील्ड्सकडे दोन्ही होतं.

१८३६मध्ये तो इलिनॉयच्या विधानसभेवर निवडून आला. साल परत वाचा. नागरिकत्वाचा कागद १८४०चा, निवडणूक १८३६ची. ही छपाईची चूक नाही. इलिनॉयच्या १८१८च्या राज्यघटनेने मतदानाचा हक्क सहा महिने राज्यात राहिलेल्या एकवीस वर्षांवरच्या सर्व गोऱ्या पुरुष 'रहिवाशां'ना दिला होता. 'नागरिक' हा शब्द मतदाराच्या व्याख्येत नव्हताच, तो १८४८च्या घटनेत आला. नव्या मुलखाला माणसं हवी होती. आलेला माणूस शेत कसतोय, कर भरतोय, मत देतोय, तर शेजारी त्याला आपलाच धरत. कागद नंतर कधीतरी करून घेतला तरी कोणी विचारत नसे. मला वाटतं शील्ड्सचीही मनोमन तीच समजूत असावी.

आज कोणी असं वागेल तर काय होतं, ते या निमित्ताने सांगून ठेवते, कारण ही चूक आपल्या लोकांकडूनही होते. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. ड्रायव्हिंग लायसन्सच्या नूतनीकरणात मतदार नोंदणीचा प्रश्न आला आणि त्यांनी घाईत 'होय'वर खूण केली. ग्रीन कार्डवर असताना. त्यांनी मत कधी दिलं नाही, तरी नागरिक असल्याचा खोटा दावा केला का, या एका प्रश्नापायी त्यांचा अर्ज दोन वर्षं रखडला आणि त्या दोन वर्षांत घरातलं कोणीही नीट झोपलं नाही. त्यांनी मतही दिलं असतं तर देशाबाहेर घालवण्यापर्यंत वेळ आली असती. राज्य तेच, इलिनॉय. १८३६मध्ये जे शेजारधर्म म्हणून चालून जाई, ते आज गुन्हा आहे.

पुढची काही वर्षं भराभर गेली. शील्ड्स राज्याचा ऑडिटर झाला. फेब्रुवारी १८४२मध्ये स्टेट बँक बुडाली आणि शील्ड्सने हुकूम काढला की कर या बँकेच्या नोटांत घेतला जाणार नाही, सोनं-चांदीच हवं. शेतकऱ्याच्या खिशात त्याच नोटा होत्या. स्प्रिंगफील्डच्या 'सँगामो जर्नल'मध्ये 'रिबेका' नावाच्या एका खेडवळ बाईच्या नावाने पत्र छापून आलं आणि त्यात शील्ड्सची यथेच्छ टर उडवलेली होती. लिहिणारा होता लिंकन. पुढच्या मजकुरात लिंकनची होणारी बायको मेरी टॉड आणि तिची मैत्रीण ज्युलिया जेन यांचाही हात होता. शील्ड्सने संपादकाकडे नाव मागितलं, लिंकनने जबाबदारी घेतली आणि शील्ड्सने द्वंद्वाचं आव्हान दिलं. हत्यार निवडायचा हक्क लिंकनचा होता. त्याने घोडदळाच्या रुंद तलवारी निवडल्या आणि दोघांच्या मध्ये दहा फूट लांबीची फळी उभी रोवायची, ती कोणी ओलांडायची नाही, अशी अट घातली. सहा फूट चार इंची लिंकनपुढे आखूड हातांच्या शील्ड्सची तलवार पोचलीच नसती. इलिनॉयमध्ये द्वंद्वाला बंदी होती, म्हणून २२ सप्टेंबर १८४२ला सगळे नदी ओलांडून मिझुरीच्या हद्दीतल्या बेटावर गेले, आणि तिथे मित्रांनी मध्ये पडून भांडण मिटवलं.

बहुतेक लेखांत हा प्रसंग गंमत म्हणून येतो. तुम्ही तो शील्ड्सच्या बाजूने वाचून पाहा. नागरिकत्वाला दोन वर्षंही झालेली नाहीत, राज्याचा खजिना आपल्या सहीने चालतो, आणि छापील पत्रात आपलं हसं होतंय. बाहेरून आलेल्या माणसाला आपली पत नव्याने उभी करावी लागते आणि ती पुसली जायची भीती त्याला इथल्या जन्मजात माणसापेक्षा जास्त असते. माझ्या समोरच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसांच्या डोळ्यांत मी ती भीती पाहते.

१८४३मध्ये तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाला, मग वॉशिंग्टनला सरकारी जमिनींच्या कार्यालयाचा आयुक्त, आणि १८४६मध्ये मेक्सिकोच्या युद्धात ब्रिगेडियर जनरल. एप्रिल १८४७ला सेरो गोर्दोच्या लढाईत तोफेचा छर्रा त्याच्या छातीतून आरपार गेला. तो वाचला, परत लढला, पुन्हा जखमी झाला. गावोगाव त्याचे सत्कार झाले. जानेवारी १८४९मध्ये इलिनॉयच्या विधिमंडळाने आपल्या विद्यमान सिनेटरला, सिडनी ब्रीझला, बाजूला सारून शील्ड्सला निवडलं. दोघेही डेमोक्रॅट.

आता तुमचा पहिला प्रश्न. अमेरिकेच्या संविधानाच्या पहिल्या कलमातला तिसरा भाग सिनेटरसाठी तीन अटी घालतो: वय तीस, नऊ वर्षं नागरिकत्व, आणि निवडून येताना त्या राज्याचा रहिवासी. २१ ऑक्टोबर १८४० ते ४ मार्च १८४९ मोजा. आठ वर्षं साडेचार महिने. सिनेटच्या विशेष अधिवेशनात हा मुद्दा निघाला. त्यातच शील्ड्सने ब्रीझला लिहिलेलं एक धमकीचं पत्र बाहेर आलं. याच मुद्द्यावर आपल्याला पाडलं असतंस तर त्याचा फायदा तुला घेऊ दिला नसता, असा त्याचा रोख होता, आणि त्या पत्राने त्याची सहानुभूती घालवली. मुळात चूक त्याची होती, आणि ती दाखवून देणाऱ्यावर त्याने डोळे वटारले. माझ्या मते त्याच्या आयुष्यातलं हे सगळ्यात कमी शोभणारं पाऊल.

त्याने राजीनामा देऊ केला. सिनेटने तसं न करता १५ मार्च १८४९ रोजी निवडच मुळापासून रद्दबातल ठरवली. तुम्ही कायद्याच्या विद्यार्थिनी आहात, तेव्हा इथे जरा थांबा. राजीनामा स्वीकारला तर तो माणूस काही दिवस तरी सदस्य होता हे मान्य होतं. जागा त्याच्याकडे कधी गेलीच नाही, असं सिनेटला म्हणायचं होतं. रद्दबातल ठरलेली निवड आणि रिकामी झालेली जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मग ऑक्टोबरात इलिनॉयच्या विधिमंडळाचं विशेष अधिवेशन भरलं आणि २७ ऑक्टोबर १८४९ला शील्ड्स पुन्हा निवडून आला. नऊ वर्षं २१ तारखेला पुरी झाली होती. सहा दिवसांनी निवड. पुढे १८५५पर्यंत तो त्याच जागेवर होता.

म्हणजे मार्चमध्ये तो अपात्र होता हे खरं आणि डिसेंबरात तो हक्काने बसला हेही खरं. मध्ये बदलला तो फक्त दिनदर्शिकेतला आकडा.

यात परिस्थितीवर अवलंबून असलेला एक मुद्दा आहे, तो लेखात लपवू नका. 'निवडून येताना' हे शब्द संविधानात फक्त रहिवासाच्या अटीला जोडलेले आहेत. वय आणि नागरिकत्व नेमकं कोणत्या दिवशी मोजायचं ते लिहिलेलं नाही आणि आपल्या सदस्यांची पात्रता ठरवायचा अधिकार प्रत्येक सभागृहाचा स्वतःचा आहे. १९३४मध्ये वेस्ट व्हर्जिनियातून रश होल्ट एकोणतिसाव्या वर्षी निवडून आला. तीस पुरी होईपर्यंत तो थांबला आणि जून १९३५मध्ये सिनेटने त्याला बसू दिलं. मग मार्च १८४९चं विशेष अधिवेशन भरलंच नसतं आणि शील्ड्सने थेट डिसेंबरात शपथ घेतली असती तर? वाद झाला असता, पण निकाल वेगळा लागला असता असं मानायला जागा आहे. दुसरीकडे १७९४चं उदाहरण आहे: जिनिव्हात जन्मलेल्या अल्बर्ट गॅलटिनला याच नऊ वर्षांच्या अटीवर १४ विरुद्ध १२ मतांनी बाहेर काढलं होतं. नियम माहीत नव्हता असं शील्ड्सला म्हणता येत नव्हतं.

दुसरा प्रश्न, तीन राज्यं. इथे आपली राज्यसभा डोळ्यांपुढे आणा. १९१३ची सतरावी घटनादुरुस्ती होईपर्यंत सिनेटर राज्यांची विधिमंडळं निवडत, लोक नव्हे. रहिवासाची अट फक्त निवडीच्या वेळेपुरती, किती वर्षं राहिलात ते संविधान विचारत नाही. (आपल्याकडे राज्यसभेसाठी त्याच राज्याचा मतदार असण्याची अट २००३च्या दुरुस्तीने गेली आणि २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कुलदीप नय्यर खटल्यात वैध ठरवली. तुलना करायची असेल तर तो निकाल मुळातून वाचा.)

१८५५मध्ये शील्ड्स इलिनॉयची जागा हरला. गुलामगिरीचा प्रश्न पेटवणाऱ्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याला त्याने साथ दिली होती. त्या निवडणुकीत लिंकनही उभा होता. पहिल्या फेरीत अवघी ५ मतं मिळालेल्या लायमन ट्रंबुलला लिंकनने शेवटी आपली मतं दिली आणि ट्रंबुल निवडून आला. ट्रंबुलची बायको कोण? ती 'रिबेका' प्रकरणातली ज्युलिया जेन.

तिथून शील्ड्स मिनेसोटाला गेला, आयरिश कुटुंबांची वसाहत उभी केली. त्याच्या नावाचं शील्ड्सव्हिल अजून आहे. मे १८५८मध्ये मिनेसोटा राज्य झालं आणि पहिल्या दोन सिनेटरांपैकी एक तो. कोणाची मुदत किती यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, त्याच्या वाट्याला आखूड मुदत आली आणि मार्च १८५९ला ती संपली. यादवी युद्धात मार्च १८६२ला व्हर्जिनियातल्या कर्न्सटाउनला त्याच्या तुकडीने दक्षिणेचा सेनानी स्टोनवॉल जॅक्सन याला हरवलं. मात्र शील्ड्स आदल्या दिवशीच जखमी झाला होता आणि प्रत्यक्ष लढाई नेथन किंबॉलने चालवली. 'शील्ड्सने जॅक्सनला हरवलं' असं सरसकट लिहू नका. १८६६मध्ये तो मिझुरीतल्या कॅरलटनला स्थायिक झाला आणि जानेवारी १८७९मध्ये एका सिनेटरच्या मृत्यूने रिकाम्या झालेल्या जागेवर जेमतेम पाच आठवड्यांसाठी निवडला गेला. त्याच वर्षी १ जूनला आयोवातल्या ऑटम्वा इथे तो वारला.

इथवरचं थोडक्यात: नागरिकत्व शपथेपासून मोजायचं, म्हणून १८४९चा घोटाळा. रहिवास निवडीच्या दिवशी पाहायचा, म्हणून तीन राज्यं. सनद उमेदवारीतून, म्हणून पदवीशिवाय वकिली.

तुम्ही विचारलेलं नाही, पण लेखात हवंच असं मला मनापासून वाटतं ते आता. शील्ड्सला शपथ घेता आली ती १८०२च्या कायद्याखाली. पाच वर्षं वास्तव्य, आणि ज्या राजाची प्रजा होतो त्याचं नाव घेऊन निष्ठा सोडायची. १८४०मध्ये ते नाव राणी व्हिक्टोरियाचं. कोणतंही साधं काउंटी न्यायालय हे करू शकत असे. पण १७९०पासून कायद्यात तीन शब्द होते, 'मुक्त गोरी व्यक्ती'. आयरिश माणसाला लोकांनी कितीही हिणवलं तरी कायद्याचं दार त्याला उघडं होतं. त्याच राणीची प्रजा असलेल्या आपल्या माणसाला ते नव्हतं. १९२३मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तसा स्पष्ट निकाल दिला. थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. जन्म अहमदाबादचा, वकिली लॉस एंजेलिसला, नागरिकत्व १९१४चं. त्या निकालानंतर सरकारने खुद्द पंडितांचं नागरिकत्व काढायला घेतलं. ते लढले. १९१४चा निर्णय सरकारने तेव्हाच आव्हान न देता मान्य केला होता, आता तो उकरता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा १९२६मध्ये अपील न्यायालयाने उचलून धरला. माझ्या टेबलासमोर पंडितांचं नाव कागदावर लिहून लावलेलं आहे.

भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला १९४६मध्ये. दलीपसिंग सौंद १९४९ला नागरिक झाले, १९५०ला कॅलिफोर्नियात न्यायाधीश म्हणून निवडून आले आणि त्यांना खुर्ची नाकारली गेली, कारण नागरिकत्वाला एक वर्ष पुरं झालं नव्हतं. १९५२ला ते पुन्हा निवडून आले, १९५६ला थेट संसदेच्या खालच्या सभागृहात, प्रतिनिधीगृहात. शंभर वर्षांनी तोच हिशेब. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार १९८८मध्ये नागरिक झाले आणि जानेवारी २०२३पासून मिशिगनचे प्रतिनिधी आहेत. त्या सभागृहाला सात वर्षं पुरतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा प्रश्नच आला नाही.

शेवटी एक दुरुस्ती. तुमच्या मसुद्यात जन्मसाल १८१० दिलंय आणि १८०६ 'चुकीचं' म्हणून खोडलंय. नोंदींत दोन्ही सापडतात, दोन्ही ठेवा. कारण १८२४च्या कायद्यात सवलत होती: एकवीस पुरी होण्याआधी तीन वर्षं इथे राहिलेल्याला आगाऊ इरादापत्र, म्हणजे नागरिक व्हायचा इरादा जाहीर करणारा कागद, द्यावं लागत नसे. १८१० धरलं तर १८२६ला आलेला मुलगा सोळा वर्षांचा होतो आणि सवलतीत बसतो. १८०६ धरलं तर तो वीस वर्षांचा, आणि बसत नाही. एफिंगहॅमच्या न्यायालयात त्याने कोणता रस्ता धरला ते तपासायचं असेल तर जन्मसाल आधी खोडून चालणार नाही.